मार्तंडने लिहिलेला पहिला पत्ता

मार्तंड सावंतचा हात सैल. मुलुंडच्या त्या इंडस्ट्रियल इस्टेटीत त्याच्या थपडेचा प्रसाद न घेतलेला कारागीर शोधायला गेलात तर दोन दिवस मोडतील. नट उलटा फिरवला, थप्पड. ग्रीस कमी घातलं, थप्पड. चहा गार निघाला म्हणून या गृहस्थाने चहावाल्याच्या अंगावर किटली फेकलेली आहे. तरी लोक त्याला मानायचे, कारण बाबा कामाला वाघ होता. मूळचा आयटीआयचा फिटर. चाळिशीत सी ही प्रोग्रॅम लिहायची भाषा शिकला, तेही कुणी न शिकवता, कॉम्प्युटरला शिव्या घालत घालत. धवलशेठच्या गाळ्यातलं पत्रा कापायचं जुनं मशीन त्यानेच कॉम्प्युटरवर आणलं आणि पात्यापुढे लाल उजेडाचा पडदा बसवला. त्या उजेडात हात आला की पातं जागच्या जागी थांबायचं. तीन वर्षांत कुणाचं नखसुद्धा तुटलं नव्हतं.

पातं थांबवायचं काम एक लायब्ररी करायची. लायब्ररी म्हणजे प्रोग्रॅम चालू होताना शोधून बरोबर घेतो ती वेगळी फाइल. मार्तंडने तिची दोन रूपं केली होती. एक खरं, मशीनसाठी. दुसरं त्याच्या टेबलावरच्या चाचणीसाठी. टेबलावर कुठला आलाय पडदा? म्हणून हे दुसरं रूप प्रत्येक वेळी एकच सांगायचं, ‘हात नाही, चालू दे.’ नाव मात्र दोघांचं एकच. आता ही फाइल कुठल्या फोल्डरात शोधायची, आधी कुठे आणि मग कुठे, हे प्रोग्रॅम लिंक करताना, म्हणजे लायब्ररीशी जोडताना, त्याच्या पोटातच लिहून ठेवता येतं. मार्तंडने लिहिलं होतं, आधी ‘ट्रायल’, म्हणजे टेबलावरचं रूप, मग ‘पक्की’, म्हणजे खरं. मशीनच्या कॉम्प्युटरवर ट्रायल फोल्डरच नव्हता, त्यामुळे प्रोग्रॅम मुकाट पक्कीकडे जायचा. मशीन ताब्यात देताना तो पहिला पत्ता काढून पुन्हा लिंक करायला हवं होतं. साहेबांनी कंटाळा केला. चालतंय ना, मग झालं. पुढे तर तो विसरूनच गेला.

एका शनिवारी धवलशेठने देखभालीच्या निलेशला सांगितलं, ‘मार्तंडचं सगळं काम मशीनच्या कॉम्प्युटरवर कॉपी करून ठेव. उद्या त्याचा कॉम्प्युटर बसला तर आपली वाट लागेल.’ निलेशने सगळे फोल्डर जसेच्या तसे आणून ठेवले. त्यात ट्रायलही आला.

सोमवारी मशीनवर शेवंती होती. विक्रोळीच्या चाळीतून येणारी, पंधरा वर्षं पत्र्यात काढलेली बाई. पत्रा तिरका गेला की उजवा हात घालून सरळ करायचा, तेवढ्यात पातं थांबतंच, ही तिची सवय आणि गाळ्यातल्या सगळ्यांचीच. साडेदहाला पत्रा तिरका गेला. तिने हात घातला. पातं थांबलं नाही. तीन बोटं पत्र्याच्या तुकड्याबरोबर मशीनच्या मागे पडली. शेवंतीच्या तोंडून आवाजच फुटला नाही. ती हात पोटाशी धरून खाली बसली आणि तिच्या पोपटी साडीवर रक्त उतरत गेलं.

मार्तंड धावत आला. शेवंतीला दोघी बायकांनी धरलं होतं.

“मशीनला हात कोणी लावला?” त्याने विचारलं.

“शनिवारी निलेश बसला होता कॉम्प्युटरवर,” कुणीतरी म्हणालं.

निलेश मशीनच्या मागे ओणवा झालेला होता. मार्तंडचं डोकं असं फिरलं की त्याला दुसरं काही दिसेना. त्याने मागून जाऊन निलेशच्या कमरेत लाथ घातली. निलेश तोंडावर आपटला.

“काका, थांबा, ऐका माझं,” तो म्हणत होता.

ऐकतोय कसला. मार्तंडने त्याला कॉलर धरून उठवलं आणि तोंडावर ठोसा मारला, मग दुसरा. पुढचा दात तुटून ओठात घुसला. “मेल्या, बाईचा हात खाल्लास तू,” असं म्हणत तो मारत राहिला. मग काय, बाकीचेही तुटून पडले. कुणी सळी आणली, कुणी पट्टा काढला. दहाबारा माणसं त्या मशीनच्या मागे एकमेकांच्या पायावर पाय देत एका माणसाला तुडवत होती. निलेशचा हात मोडला तेव्हा तो आवाज सगळ्यांना ऐकू आला, आणि तरी कुणी थांबलं नाही. पोलीस आले तेव्हा त्याला उचलूनच न्यावं लागलं.

गाळा रिकामा झाल्यावर मार्तंड मशीनच्या कॉम्प्युटरपुढे बसला. निलेशने नेमकं काय बिघडवलं ते पोलिसांना दाखवायचं होतं. प्रोग्रॅम शनिवारच्या आधीचाच होता, एक अक्षर बदललेलं नव्हतं. मग त्याने प्रोग्रॅमच्या पोटातले पत्ते बाहेर काढून बघितले. आधी ट्रायल, मग पक्की. ते अक्षर त्याचंच. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, पण इथे तर चोरानेच फाशी दिली होती.

धवलशेठ मागे येऊन उभा होता. मार्तंडने त्याला सगळं सांगितलं.

शेठने हळूच विचारलं, “हे दुसऱ्या कुणाला कळेल?”

“नाही. पहिला पत्ता काढून परत लिंक करायला दोन मिनिटं लागतात.”

“मग कर ना. निलेशचं नाव लागलंय, लागू दे. तू आत गेलास तर माझी बाकीची मशीनं कोण बघणार यार?”

मार्तंडची बोटं कीबोर्डवर होती. खोटं कशाला बोला, दोन मिनिटं त्याला हवीच होती. मुलीचं लग्न ठरलेलं, इस्टेटीत नाव, सगळं डोळ्यांपुढून गेलं. पण निलेशचा तो ‘काका, थांबा’ कानातून जाईना. त्याने कॉम्प्युटरच्या स्क्रीनवरच्या पत्त्यांचा फोटो काढला, कॉम्प्युटर तसाच ठेवला आणि सरळ पोलीस ठाणं गाठलं. हवालदाराला लायब्ररी आणि पत्ते काही कळेनात. शेवटी मार्तंड म्हणाला, “साहेब, मशीनने चुकीची फाइल उचलली, आणि ती आधी उचल असं मी लिहिलं होतं. एवढंच लिहा.” त्याचा जबाब झाला. निलेशला सरकारी इस्पितळात नेलं होतं, त्याच्यावरचा पहारा उठवायचा निरोप गेला.

मग तो इस्पितळात शेवंतीकडे गेला. उजवा हात पांढऱ्या गोळ्यासारखा उशीवर ठेवून ती जागीच होती. मार्तंड उभ्यानेच बोलला, एकही वाक्य न गाळता.

“चूक माझी होती, शेवंतीबाई. त्या बिचाऱ्याची नव्हती. तुमची बोटं माझ्यामुळे गेली.”

शेवंतीने उशीवरचा हात जरा वर उचलला.

“मशीनने तोडली ती होय? ती जोडता आली असती, मार्तंडभाऊ. डॉक्टर म्हणाले, अख्खी आणली असती तर जोडली असती.” तिचा आवाज अगदी सपाट होता. “मी बघत होते ना तिथून. निलेश खाली वाकून माझी बोटं पिशवीत गोळा करत होता. तुम्ही त्याला लाथ घातलीत, पिशवी खाली पडली, आणि मग तुम्ही सगळे तिच्यावर नाचलात.”