लग्नातलं माप

साबणाच्या फेसाचा वास आला की मला धाकट्या नणंदेच्या लग्नातला हिरवा चुडा आठवतो. बोईसरच्या डॉक्टरांनी आमवात सांगून महिनाच झाला होता, बोटांचे सांधे आल्याच्या गाठींसारखे सुजले होते, आणि मी महामाया कासारणीला सांगते, "माझं माप लग्नातलंच!" तिने साबण चोळून बांगड्या चढवल्या, कळ मस्तकात गेली तरी मी चारचौघींत हसत राहिले. दुपारपर्यंत मनगट टम्म फुगलं, बोटं निळसर पडली, बांगडी काही उतरेना. सासूबाई वरवंटा घेऊन आल्या, तशी मी हात पाठीमागे लपवला. "नवरा असताना चुडा फोडू कशी?" मी रडू लागले. "अगो, माज्या पोराचा जीव काय काचेत हाय? तो बग, ओट्यावर ताडगोले खातो. आन हातच रायला नाय तर चुडा भरशील कशात?" त्या एकेक बांगडी वाढवत गेल्या, आणि दर काचेला मी डोळे मिटून ओट्यावरून ह्यांच्या चोखण्याचा आवाज येतोय ना, ते ऐकत होते. आता सकाळी माझी मूठ मिटत नाही, मनगटं मोकळीच असतात; चहाचा कप हेच माझ्या तोंडाशी धरतात, आधी दोन घोट स्वतः मारून.