उंबराचा ओंडका

आमच्या प्लांटच्या आवारात टाकाऊ लाकडाचा डोंगर असतो. तुटकी खोकी, जुन्या चौकटी, तोडलेली झाडं. त्यांचे तुकडे करून जाळायचे आणि वाफेवर वीज काढायची. आज त्या ढिगातल्या उंबराच्या एका ओंडक्याला तांबूस पालवी फुटलेली दिसली.

आमचा कामगार गणपत तो बॉयलरकडे जाणाऱ्या पट्ट्यावर ढकलताना हसला, “मेलाय म्हणून याला कुणी सांगितलंच नाही वाटतं, साहेब!”

ओंडका पुढे गेला. बॉयलरला वठलेलं आणि जिवंत सारखंच. ओलं असलं तर धूर जरा जास्त, इतकंच. गावातल्या दिव्यांना तेवढंही कळत नाही. मला वाईट वाटलं नाही. अलीकडे काही वाटतच नाही.

दुपारी मात्र ताईला फोन केला. घरामागचा, आईने लावलेला उंबर मी काही वर्षांपूर्वी इथेच पाठवला होता. वठला म्हणून तोडला, असं तिला सांगितलं होतं.

“ताई, तो वठला नव्हता गं.”

“मग का तोडलास?”

“फळं गाडीवर पडायची. डाग जात नसत.”

ती हळूच म्हणाली, “ती गाडी तर तू कधीच विकलीस रे.”