ताईंचा शब्द

ताई दातांच्या कवळ्या बनवत. दवाखान्याच्या मागच्या खोलीत, टेबल-दिव्याखाली, मेणात एकेक दात बसवायचा, हिरड्या कोरायच्या, घासून गुळगुळीत करायच्या. गावातली निम्मी म्हातारी माणसं ताईंच्या दातांनी जेवत होती आणि त्यातल्या एकालाही ताई ठाऊक नव्हत्या. त्याचं त्यांना काही नव्हतं. "तोंडात नीट बसली ना? मग झालं तर," म्हणत.

त्यांचा धाकटा भाऊ लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर होता. आई गेल्यावर ताईंनीच त्याला लहानाचा मोठा केला, आणि त्याची परतफेड म्हणून तो घरात त्यांचं एक अक्षर ऐकत नसे. दूध आण म्हटलं तर बॅटऱ्या आणायचा. लग्नाचा विषय काढला की ताट उचलून आतल्या खोलीत जायचा, आणि आतल्या खोलीत तर बसायला जागा नव्हती, सगळीकडे त्याची रिमोटची विमानं. दोघंही एकाच मातीचे, तेव्हा माघार कोण घेणार?

पण मैदानावर हाच माणूस ताईंचा शब्द खाली पडू देत नसे.

त्याला कारण होतं. रिमोटच्या विमानांची शर्यत म्हणजे मैदानात रोवलेल्या खांबांना वळसे घालत सुसाट फेऱ्या मारायच्या. लांबचा खांब इतका लांब, की विमान त्याच्या पुढे गेलं की अलीकडेच आहे, हे उडवणाऱ्याला कळत नाही. म्हणून प्रत्येकाच्या पाठीमागे एक जण उभा असतो. क्लबात त्याला 'आवाज' म्हणतात. तो खांबाजवळच्या पंचाच्या खुणेवर डोळा ठेवतो आणि ओरडतो, "वळ!" उडवणाऱ्याने वळायचं. का, कशाला, खरंच का, असलं काही विचारायचं नाही. विचारत बसलं की विमान पार शेजारच्या शेतात. ताई कितीतरी वर्षं भावाचा आवाज होत्या. आयुष्यभर घसा फोडून जे जमलं नाही, ते इथे एका शब्दात जमत होतं. त्या दर रविवारी खुशीत मैदानावर का येत, हे आता वेगळं सांगायला नको.

गेल्या वर्षी मात्र भावाचं एक विमान मैदानाच्या कडेच्या दोरीपलीकडे गेलं आणि एका गाडीच्या टपावर आदळलं. दोरीमागे प्रेक्षक असतात, पोरंबाळं असतात. कुणाला लागलं नाही, नशीब. क्लबच्या सेक्रेटरींनी सगळ्यांसमोर सुनावलं, "पुन्हा दोरी ओलांडली तर कायमचा बाहेर. मग माझ्याकडे रडत यायचं नाही." भाऊ घरी आला. ताट उचलून आतही गेला नाही, नुसता बसून राहिला. ताईंना तेव्हा पहिल्यांदा कळलं, की हे गेलं तर या माणसाकडे दुसरं काहीच नाही.

यंदा एका रविवारी दुपारच्या शर्यतीनंतर अंधार पडल्यावरच्या फेऱ्या होत्या. दुपारी उतरताना भावाच्या विमानाचे पंख घासले आणि टोकांचे दोन्ही दिवे उखडले. विमानाच्या डाव्या पंखाला लाल दिवा, उजव्याला हिरवा, हा नियम. अंधारात विमान दिसत नाही, दिवेच दिसतात. लाल कुठे, हिरवा कुठे, यावरून त्याचं तोंड कुणीकडे ते ओळखायचं. भाऊ बॅटऱ्या चार्ज करायला गेला होता. दातांच्या कामातली बारीक पकड ताईंच्या पिशवीत कायम असे. त्यांनी विमानाचा अखंड पंख सोडवून टेबलावर उताणा घातला, कारण तारेची खाच खालच्या अंगाला असते, आणि डाव्या हाताला लाल, उजव्या हाताला हिरवा असे दिवे झटपट बसवून टाकले. सेक्रेटरींनी बटण दाबून पाहिलं. दोन्ही लागले. पास.

पहिल्या दोन फेऱ्या झकास झाल्या. खांबांवर दिवे होते, ताईंचा शब्द होता, आणि भावाचा हात बसलेला होता. तिसऱ्या फेरीला दुसरं एक विमान आडवं आलं. भावाने आपलं बाहेर काढलं आणि ते वळसा घेता घेता खांबाच्या पार पलीकडे, काळोखात गेलं.

"कुठंय?" भावाने विचारलं.

"समोर. झाडांच्या वर."

दोन ठिपके दिसले. लाल डावीकडे, हिरवा उजवीकडे. म्हणजे विमानाची पाठ आपल्याकडे.

"लांब चाललंय," भाऊ म्हणाला. "उजवीकडून फिरवून आणतो." डावीकडे दोरी होती, दोरीमागे माणसं होती. त्याने रिमोटची काठी उजवीकडे ढकलली.

ठिपके डावीकडे सरकले.

"वारा आहे वाटतं," तो पुटपुटला, आणि अजून उजवीकडे दाबली. ठिपके अजून डावीकडे.

ताई बघत होत्या. लांब जाणाऱ्या विमानाचे दिवे जवळजवळ येत जातात. हे तर एकमेकांपासून दूर होत होते. मोटरचा आवाजही वाढत होता. आणि त्यांना दुपारचं टेबल आठवलं. उताणा पंख! उताण्या पंखाची डावी बाजू म्हणजे विमानाची उजवी. विमान लांब जातच नव्हतं, तोंड करून इकडेच येत होतं, आणि भाऊ ते स्वतःच्या हाताने माणसांवर घालत होता.

डावं म्हणावं की उजवं? कुणाचं डावं? समजावायला वेळ कुठे होता! पण खाली म्हणजे खालीच. त्यात डावं-उजवं नसतं.

"पाड!" ताई ओरडल्या.

दोन हिवाळे खपून बांधलेलं विमान होतं ते. भावाने मागे वळून पाहिलं नाही. मोटर बंद केली आणि काठी पुढे लोटली. ठिपके सरळ खाली आले. फळी मोडावी तसा आवाज झाला, आणि एक लहान मूल घाबरून रडायला लागलं.

सेक्रेटरी टॉर्च घेऊन धावले. विमान दोरीच्या अलीकडे होतं. अगदी लागून, पण अलीकडे.

"नियमात आहे," ते धापा टाकत म्हणाले. "पण झालं काय?"

"दिवे मी उलटे लावले," ताई म्हणाल्या. मग भावाकडे बघून म्हणाल्या, "आता दुसरा कुणीतरी आवाज बघ. मी नाही उभी राहणार."

भाऊ गवतात मटकन बसला होता. गळ्यातला रिमोट काढायचंही त्याला सुचत नव्हतं. ताईंनीच काढला.

"मी अजून उजवीकडे घेणार होतो," तो म्हणाला. "आणि तू गप्प राहिली असतीस ना, तर मी शेवटपर्यंत वाचवायलाच बघितलं असतं. माझ्या हातून नसतं पाडवलं."

ताई त्याच्याशेजारी बसल्या.

"दिवे यापुढे मी लावीन," तो म्हणाला. "मागे तूच उभी राहायचं."