सरांची जपानी शिकवणी

चांदूर बाजारच्या शाळेत भगवंतराव गावंडे सरांनी तीस वर्षं मराठी शिकवलं. पोरगं ‘मला’ऐवजी ‘मले’ म्हणालं की त्याच्या हातावर पट्टी बसायची. निवृत्तीनंतर ते स्वतःच जपानी शिकायला निघाले, कारण ओसाकात वाढणाऱ्या नातीला दुसरी भाषा येत नव्हती. अमरावतीच्या वर्गात शिकवणारी निघाली त्यांचीच जुनी विद्यार्थिनी तहरीम. तिनेही पट्टी खाल्ली होती.

दुसऱ्या महिन्यात सर मोजण्यावर अडकले. जपानीत वस्तूच्या आकाराप्रमाणे ‘एक’ बदलतो: एक पेन्सिल ‘इप्पोन’ आणि एक कागद ‘इचिमाई’. सर दर वेळी पेन्सिलीला कागदाचा शब्द लावत. तहरीमने सातव्यांदा चूक दाखवली, तसे ते भडकले.

“काहून पन? एकाले एकच म्हन ना! मले येडा करून राहिली का?”



“सर, शुद्ध बोला,” तहरीम गोड आवाजात म्हणाली. “की हात पुढे करता?”

पोरं खिदळली. सरांनी वही मिटली आणि थेट बस पकडली.

“आज लवकर काहून आले?” बायकोने, मैनाबाईंनी दारातच विचारलं.

“जपानी भाषेला व्याकरणच नाही,” सरांनी शुद्ध मराठीत निकाल दिला.

नात अजून दर रविवारी फोनवर काहीतरी सांगत असते. सर मान डोलावतात.