तुमच्या भागात उपलब्ध नाही

मोबाइल छातीशी धरून सुभेदार तात्या कराडच्या एसटीत चढतायत, हे चित्र माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. वडूजला ते आमचे शेजारी. निवृत्त फौजी, एकाहत्तरच्या लढाईत पूर्व बंगालमध्ये होते. तिथल्या नरसंहारावर कुणीतरी माहितीपटांची मालिका केल्याचं त्यांनी पेपरात वाचलं आणि मला, म्हणजे इतिहासाच्या बाईंना, ती त्यांच्या मोबाइलवर शोधायला लावलं. मी नाव टाकलं. उत्तर आलं, ‘ही मालिका तुमच्या भागात उपलब्ध नाही.’

“आपला भाग दुष्काळीच की ओ बाई,” तात्या म्हणाले. “हितं पानी येत न्हाई, मालिका कुठनं यील? कराडला दोन नद्या हायत. तितं लावून बघतो.”

इथे ‘भाग’ म्हणजे आख्खा देश, हे सांगायला मी धावले तोवर गाडी सुटली होती. संध्याकाळी तात्या परत आले. “कराडात न्हाई. इस्लामपूरला ऊस लय, पर मालिका तितंबी न्हाई.” मी पोट धरून हसले. तेही हसले, मग मोबाइल खिशात ठेवला.

“बाई, लढाई न्हाई बघायची मला. ती मी केलीया. एका गावात पोचलो, तवा सगळं संपलं हुतं. हिरीच्या काठाला एक म्हातारी बसलेली. आत टाकलेल्या मानसांची नावं घेत हुती. तिची भाषा मला येत न्हवती. माझा हात धरून तिनं एकेक नाव माझ्याकडनं म्हनून घेतलं. अकरा नावं. त्यातली चार ध्यानात हायत, सात इसरलो. त्या मालिकेत कुनीतरी ती घेतली असतील.”

वीस वर्षं मी युद्धाचा धडा शिकवत होते, आणि भिंतीपलीकडच्या माणसाला एक प्रश्न विचारला नव्हता. मला माझीच लाज वाटली. म्हटलं, “तात्या, आहेत ती चार तरी आमच्या मुलांना सांगा.”

“अर्दी हजेरी देत न्हाईत बाई.” चार दिवस हेच. पाचव्या दिवशी इस्त्रीचा कोट घालून ते शाळेच्या फाटकात हजर.

नववीच्या वर्गापुढे ते सावधानमध्ये उभे राहिले. विहिरीची आणि म्हातारीची हकिकत चार वाक्यांत सांगितली आणि म्हणाले, “निताई. शेफाली. हारून. रहीमा.” पुढे ओठ हलत राहिले, आवाज नव्हता. उरलेल्या सात नावांपुरते ते तसेच उभे होते.

तात्यांना जाऊन दोन वर्षं झाली. मी अजूनही अधूनमधून मालिकेचं नाव टाकून बघते, तेच वाक्य येतं. तो धडा आला की मी पुस्तक मिटते, चार नावं घेते आणि सात नावांपुरती थांबते. मालिका आमच्या भागात कधी आली नाही. तात्या मात्र आमच्या भागातले होते, हे आमचं केवढं नशीब!