माहिती केंद्रातले डॉक्टर

त्यांना सगळे डॉक्टर म्हणत. ते डॉक्टर नव्हते. मातीतल्या क्षारांवरचा त्यांचा प्रबंध नऊ वर्षं चालू होता, आणि तो संपला असता तरी त्यांना कुणाची नाडी बघता आली नसती. पण कधीतरी कुणीतरी चुकून तसं म्हणालं तेव्हा त्यांनी ते दुरुस्त केलं नाही. पुढे ती सवयच पडली, म्हणणाऱ्यांना आणि त्यांनाही.

विद्यापीठाच्या व्यायामशाळेमागे एक खोली होती. पूर्वी तिथे जाळ्या आणि फाटके चेंडू ठेवत. दाराला हिरवा रंग, आत चार खुर्च्या, मधे दोरीवर टांगलेला पडदा, एका कपाटात कंडोमची खोकी, गर्भचाचणीच्या पट्ट्या आणि माहितीपत्रकं. बाहेर पाटी होती : लैंगिक आरोग्य माहिती केंद्र, सोमवार ते शुक्रवार, तीन ते सहा. आम्ही नऊजण ते चालवायचो, सगळे विद्यार्थी, सगळे बिनपगारी. डॉक्टर वयानं मोठे म्हणून प्रमुख. दुसरं काही कारण मला तरी कधी दिसलं नाही.

मी संख्याशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला असताना तिथे जायला लागले. सुरुवातीला रुग्णालयातल्या एका सिस्टरनी आम्हाला दोन दिवस शिकवलं. त्यांनी फळ्यावर अवयवांची नावं लिहिली आणि प्रत्येकाला मोठ्यानं वाचायला लावली. आम्ही लाजत, हसत वाचली. डॉक्टरांना नेमका तेव्हाच खोकला आला. पुढेही ते कायम "तो भाग" एवढंच म्हणायचे. कुठला भाग, हे समोरच्यानं आपल्या अकलेनं ओळखायचं.

सिस्टरनी जाताना एकच गोष्ट बजावली होती. "नाव विचारायचं नाही. आणि बाहेर भेटले तर त्यांनी ओळख दाखवल्याशिवाय तुम्ही दाखवायची नाही. एवढं जमत नसेल तर घरी बसा."

डॉक्टरांना जमत नव्हतं, आणि ते घरीही बसले नाहीत.

कॅन्टीनच्या रांगेत, ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर, बसथांब्यावर त्यांना केंद्रात येऊन गेलेलं कुणी दिसलं की त्यांचा चेहरा उजळायचा. मान तिरकी करून, आवाज मुद्दाम थोडा खाली आणून, पण चार माणसांना ऐकू जाईल इतपत ठेवून ते विचारायचे, "काय, आता बरं आहे ना?" तो बिचारा मुलगा हातातलं ताट घेऊन जागच्या जागी गोठायचा. बरोबरचे मित्र त्याच्याकडे बघायचे. डॉक्टर पुढे निघून जायचे, एखाद्यावर उपकार केल्यासारखे.

तिथल्या माझ्या पहिल्या वर्षी मी आलेल्यांची संख्या मांडली होती. महिन्याला साठ-पासष्ट. दुसऱ्या वर्षी ती अकरावर आली. मी तक्ता त्यांच्यापुढे ठेवला.

"जागृती झाली," ते म्हणाले. "आता लोकांना विचारावंच लागत नाही."

माणूस इतका निर्धास्तपणे स्वतःवर खूश असला की समोरच्यालाच थकवा येतो.

एकदा किल्ली आणायला मी त्यांच्या घरी गेले. ते बहिणीकडे राहायचे. त्या ताईंनी मला बसवलं, पाणी दिलं. त्यांची सोळा वर्षांची मुलगी टेबलापाशी अभ्यास करत होती.

"तूही वाचनालयात काम करतेस का याच्याबरोबर?" ताईंनी विचारलं.

मी डॉक्टरांकडे बघितलं. ते खिडकीबाहेर बघत होते.

"हो," मी म्हणाले.

बाहेर आल्यावर त्यांनी मला समजावलं की घरातलं वातावरण वेगळं असतं, भाचीच्या कानावर भलतंसलतं नको. हजार मुलामुलींना मोकळेपणाचे धडे देणारा हा गृहस्थ स्वतःच्या घरात वाचनालय चालवत होता. मी किल्ली घेतली आणि निघाले.

त्यानंतर महिन्याभरानं, एका मंगळवारी, ती मुलगी आली. पहिल्या वर्षाची, वसतिगृहात राहणारी. केंद्रात कायम दोघं असावेत असा नियम होता, म्हणून मीही होते, पत्रकांच्या घड्या घालत. पाळी बारा दिवस पुढे गेलीय, पट्टी हवी, एवढंच ती म्हणाली. पट्टी द्यायची, कशी वापरायची ते सांगायचं, शेजारचं स्वच्छतागृह दाखवायचं. पाच मिनिटांचं काम.

डॉक्टरांनी खुर्ची पुढे ओढली. "मुलगा कोण आहे? आपल्याच इथला?"

तिनं पट्ट्यांच्या कपाटाकडे बघितलं.

"घरी माहीत आहे? आडनाव काय तुझं? अच्छा, म्हणजे परीक्षा विभागात आहेत ते तुझे कोण?"

"दादा," ती म्हणाली. मग तिला कळलं की हे सांगायला नको होतं.

मी घड्या घालत राहिले. एकदा मान वर केली, तिनं माझ्याकडे बघितलं, मी परत खाली बघितलं. शेवटी त्यांनी पट्टी दिली. ती जाऊन आली. एकच रेघ होती, काही नव्हतं. सुटल्यासारखा श्वास घेऊन ती निघून गेली.

गुरुवारी तिचा दादा वसतिगृहावर आला आणि तिचं सामान गाडीत भरून तिला घेऊन गेला. परीक्षेला अकरा दिवस राहिले होते. तिच्या खोलीतल्या मैत्रिणीनं मला गाठून सांगितलं. सांगताना ती माझ्यापासून दोन हात लांब उभी होती.

मी केंद्रात गेले. डॉक्टर चहा पीत होते.

"तुम्ही तिच्या भावाला सांगितलंत?"

"जबाबदार माणसाला कळायला नको का? मी मोघमच बोललो. जरा लक्ष ठेवा, एवढंच."

"पण काहीच नव्हतं ना."

"या वेळी नव्हतं," ते म्हणाले आणि बशीत सांडलेला चहा ओरपला.

त्याच दिवशी, ते गेल्यावर, मी कपाटाचा खालचा खण उघडला. त्यात एक जाड वही होती. दोन वर्षांची नावं, वर्ग, वसतिगृहाची खोली, आणि पुढे त्यांच्या सुबक अक्षरात शेरे. "घाबरट." "खोटं बोलतो." "पुन्हा येणार." प्रबंधाची पानं या माणसाच्या हातून सरकत नव्हती, पण ही वही भरली होती. मी बादलीत पाणी घेतलं आणि पानन् पान फाडून त्यात भिजवलं. शाई सुटेपर्यंत तिथेच बसले.

शनिवारी नऊजणांची बैठक झाली. मी सगळं सांगितलं. डॉक्टर वीस मिनिटं बोलले. त्यागाबद्दल, सेवेबद्दल, आणि वही नष्ट केल्यामुळे झालेल्या "संशोधनाच्या हानी"बद्दल. त्यांना काढायचं का, यावर मत द्यायची वेळ आली तेव्हा चौघांनी हात वर केले. बाकीचे टेबलाकडे बघत राहिले, जणू तिथे काही लिहिलं होतं. तेवढ्यावर निकाल लागला, कारण डॉक्टर सोडले तर विरुद्ध कुणीच नव्हतं, तेवढीही हिंमत कुणात नव्हती.

विद्यार्थी कल्याण अधिकारी बाईंना फक्त बोभाटा नको होता. त्यांनी डॉक्टरांना छापील प्रशस्तिपत्र दिलं आणि वर्षभरासाठी "सल्लागार" केलं. डॉक्टरांनी ते चौकटीत बसवून घेतलं. आम्ही कुलूप बदललं. हल्ली ते कुठल्याशा प्रशिक्षण संस्थेत नोकरी करतात आणि विश्वासार्हता या विषयावर व्याख्यानं देतात. ऐकणारे टाळ्या वाजवत असतील. वाजवोत.

पुढच्या वर्षी ती मुलगी राहिलेली परीक्षा द्यायला आली. घरून ये-जा करत होती. मला ती ग्रंथालयाच्या जिन्यावर दिसली. मी नियम मोडला आणि तिला थांबवलं. म्हटलं, आम्ही त्यांना काढलं, वही फाडून टाकली, आता नावं कुणी विचारत नाही.

तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

"ते विचारत होते तेव्हा तू तिथेच बसली होतीस ना?"

"हो."

"कागदाच्या घड्या घालत."

"हो."

ती आणखी काही बोलेल म्हणून मी थांबले. तिनं पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली, घड्याळात बघितलं आणि जिना उतरून गेली. मला तीन वाजता केंद्र उघडायचं होतं, म्हणून मीही निघाले. त्या दुपारी चारजण आले.