वेलावरचा दुसरा दुधी

फौजदारबाईंनी दुधीची फोड दाताखाली धरली आणि पुढच्याच क्षणी थू थू करत बेसिन गाठलं. चूळ भरली, पुन्हा भरली, तरी कडूपणा जिभेवरून हलेना. "कडूजहर आहे मेला," त्या पुटपुटल्या, आणि मग त्यांना दुसरा दुधी आठवला. त्या वेलाला दोनच दुधी धरले होते. एक इथे ओट्यावर अर्धा चिरलेला पडला होता. दुसरा काल संध्याकाळी त्या स्वतःच्या हातांनी धाकट्या भावाला देऊन आल्या होत्या.

फौजदार हे नाव त्यांना पाण्याच्या टाकीमागच्या वाफ्यांवर पडलं. नगरपालिकेने तिथली जमीन पट्टे पाडून हौशी लोकांना भाजी लावायला दिली होती. बाईंची सगळी नोकरी इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरींना इस्त्री करण्यात गेली. निवृत्त झाल्या आणि तीच शिस्त त्यांनी मातीला लावली. त्यांच्या पट्ट्यात गवताची काडी दिसायची नाही. कुणाचा पाय वाफ्यात पडला, की त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा. नव्या माणसाला त्यांचा पहिला धडा ठरलेला: खताच्या खड्ड्यात आपोआप वेल उगवला तर उपटून टाकायचा, त्याच्या बियांचा भरवसा नाही; आणि दुधी चिरला की आधी फोड चाखायची. वाफ्यांवरच्या एका सुताराने कडू दुधी "औषधी असतो" म्हणून रेटून खाल्ला होता. रक्ताच्या उलट्या होऊन तो मरता मरता वाचला. ही हकिगत सगळ्यांना रंगवून सांगणाऱ्या याच बाई.

आणि यंदा खड्ड्यातला वेल त्यांनीच ठेवला. का, तर मोह! लावलेले वेल किडीने खाल्ले, आणि हा पठ्ठ्या कुणी न विचारता कुंपणावर चढून नुसता तरारला. शेजारच्या पट्ट्यात मास्तरांनी गेल्या वर्षी शोभेचे कडू भोपळे लावले होते. भुंग्यांनी इकडचं तिकडे केलं असणार आणि बी बिघडलं असणार. "आता सुचतंय शहाणीला!" त्या स्वतःवरच करवादल्या.

दुसऱ्या कुणाला दिला असता तर एवढी धास्ती नव्हती. पहिल्याच घासाला त्याने तोंड वाकडं करून ताट सरकवलं असतं. पण भावाच्या तोंडाला चवच नव्हती. भावजय गेली, पाठोपाठ त्याला मोठा ताप आला, आणि ताप उतरला तो चव आणि वास दोन्ही घेऊन. कडू त्याला कळणारच नव्हतं. बहिणीने पिकवलेलं टाकायचं कसं, म्हणून तो भांडं पुसून खाणार होता.

त्यांनी फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला, पुन्हा तेच. जेवणाची वेळ टळून गेली होती. गॅस बंद केला, पर्स उचलली आणि त्या धावत सुटल्या.

बस मिळाली, पण ती प्रत्येक थांब्यावर रेंगाळत होती. एका आजोबांना उतरायला वेळ लागला तेव्हा बाईंना त्यांना उचलून खाली ठेवावंसं वाटलं. भाऊ जमिनीवर कळवळत पडलाय, फोन हाताला येत नाहीये, असं काहीबाही डोळ्यांपुढे येत होतं. आपल्या हातांनी दिला, हे एकच मनात घुमत होतं.

तिसरा मजला. त्यांनी दोन्ही मुठींनी दार बडवलं. भावाने दार उघडलं. निवृत्त घड्याळजी तो. डोळ्याला अजून भिंग लावलेलं, हातात कुठल्यातरी घड्याळाचं चक्र. फोन मागे आतल्या खोलीत चार्जिंगला लावलेला.

"ताई? तू आत्ता कशी?"

"दुधी खाल्लास?"

"हो, मगाशीच. मस्त झाला होता."

बाईंनी दाराची चौकट धरली. "चपला घाल. दवाखान्यात जायचंय."

"अगं, पण झालं काय?"

"विषारी होता तो! मळमळतंय? पोटात कळ येतेय?"

"काही होत नाहीये मला."

"सुतारालाही आधी काही होत नव्हतं!" त्यांनी टॅक्सीला फोन केला, खुंटीवरचा शर्ट ओढला आणि लहान मुलासारखा त्याच्या अंगात चढवला. गळ्याचं बटण लावलं तरी कॉलर सैल लोंबत होती. केवढा वाळला होता हा! पण ते बघायला आत्ता सवड कुठे होती.

"ताई, ऐक. मी नाही खाल्ला तो."

"दवाखान्याच्या भीतीने थापा मारू नकोस. लहानपणापासूनची खोड आहे तुझी."

"खरंच नाही खाल्ला."

"मग दाखव."

तो फ्रिजपुढे जाऊन उभा राहिला, पण उघडेना. बाईंनी त्याला बाजूला सारलं आणि दार ओढलं.

दुधी समोरच होता. अख्खा. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. आणि मग त्या पाण्यातूनच त्यांना बाकीचं दिसलं. गेल्या आठवड्याची वांगी सुरकुतलेली. त्याआधीचा पालक पिशवीत काळा चिखल झालेला. टोमॅटोंना पांढरी बुरशी. सगळ्या पिशव्यांना त्यांनीच मारलेल्या गाठी, एकही सोडलेली नाही. ओट्यावर बिस्किटांच्या पुड्यांचा ढीग होता.

"कधीपासून चाललंय हे?"

"चव नाही तर घास उतरत नाही गं. बिस्किट चहात बुडवलं की जातं कसंतरी."

"आणि मला दर वेळी सांगतोस, मस्त झाली होती!" बाईंचा आवाज चढला. "मी उन्हात कंबर मोडून पिकवते, दोन पिशव्या घेऊन हे जिने चढते. भाजी नको, असं सरळ सांगता येत नव्हतं?"

भावाने हातातलं चक्र ओट्यावर ठेवलं.

"नको म्हटलं असतं, तर तू कशाला आली असतीस?"

फौजदारबाईंनी फ्रिजचं दार लावलं. खाली टॅक्सीचा हॉर्न वाजत होता.

"चल," त्या म्हणाल्या.

"अगं, खाल्लाच नाही तर दवाखाना कशाला?"

"दवाखान्यात नाही. माझ्या घरी. चव असो नसो, माझ्यासमोर बसून गिळायचं."

त्याने भिंग काढून खिशात टाकलं आणि चपला शोधू लागला.